मीटरवर नसलेली खूण

"फोनवरच्या माणसाला चेहरा देऊ नकोस. आवाजाला आवाजच राहू दे. चेहरा दिलास की तो माणूस तुझ्याबरोबर घरी येतो, तुझ्या शेजारी जेवायला बसतो, आणि मग त्याला ऊठ म्हणता येत नाही."

वीज आणि गॅस विकणाऱ्या कंपनीच्या फोनखोलीत ती पहिल्यांदा हेडफोन लावून बसली, तेव्हा सुपरवायझरताईंनी तिला हे सांगितलं होतं. ताई तिथल्या जुन्या. त्यांच्या खुर्चीची गादीसुद्धा त्यांच्याच आकाराची झालेली. तिने मान डोलावली आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. शिकलेली मुलगी, तिला वाटलं, एका खोलीत वर्षानुवर्षं बसलं की माणूस असं बोलायला लागतो. आवाजाचं एवढं काय घेऊन बसायचं?

मग तिला मुलगी झाली. रजा संपवून ती परत त्या खोलीत आली तेव्हा तिचे कान पहिल्यासारखे राहिले नव्हते. घरी लेक दुपारची झोपली की ती तिच्या नाकापाशी बोट धरायची. नवरा हसायचा, "अगं, श्वास बघता बघता तूच उठवशील तिला." पण बघितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. ऑफिसात पाळणाघराचा फोन वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटायचा. आणि नेमके त्याच दिवसांत, त्याच कानांत, मावशी आल्या.

"मॅडमबिडम नको गं, मावशी म्हण," पहिल्याच फोनला त्या म्हणाल्या. मागे एक एकसुरी घरघर चालू होती, मधे मधे फुस्स करून श्वास सोडणारी. तिने विचारलं, "मागे कसला आवाज येतोय, मावशी?"

"ती होय? ती माझी सवत," मावशी म्हणाल्या. "चोवीस तास ह्यांच्या उशाशी बसलेली असते. मी पाणी द्यायला गेले तरी हिची नळी मधे. पण काय करता, तिच्यावाचून ह्यांचं पान हलत नाही."

ते ऑक्सिजनचं मशीन होतं. काकांची फुप्फुसं कामातून गेली होती आणि भिंतीतल्या विजेवर त्यांचा श्वास चालला होता. मावशी दर आठ-पंधरा दिवसांनी फोन करायच्या आणि तिलाच जोडून मागायच्या. प्रश्न एकच. "खूण आहे ना गं आमच्या नावापुढे?"

खूण म्हणजे काय ते सांगायला हवं. कायदाच आहे तसा. ज्या घरात कुणाचा जीव विजेच्या मशीनवर आहे, त्या घराच्या खात्यावर वीज विकणाऱ्या कंपनीने खूण करायची. मग काहीही झालं तरी तिथली वीज तोडायची नाही. भारनियमन करायची पाळी आली तर त्या घराला आधी कळवायचं आणि माणूस पाठवून बॅटरी पोचवायची. तिच्या स्क्रीनवर ती खूण निळ्या ठिपक्यासारखी दिसायची. नाव, पत्ता, फोन नंबर यातलं फोनखोलीत काही दिसत नसे. ग्राहकाच्या खासगीपणाचा दुसरा कायदा होता. दिसायचा तो ग्राहक क्रमांक आणि ठिपका.

"आहे मावशी, ठळक आहे."

"बघ हं. नाहीतर सवत उपाशी राहायची."

शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीही आता ओळखायच्या. हेडफोन बाजूला सारून एखादी हसत म्हणायची, "आला तुझ्या माहेरचा फोन." आणि खरंच, तिला आता ती खोली दिसायला लागली होती. तिसरा मजला, कारण मावशी म्हणायच्या, "लिफ्ट नाही, आणि गुडघे माझे." खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, कारण फोनवर कधी कधी पत्रा घासल्यासारखा कर्कश आवाज यायचा आणि मावशी ओरडायच्या, "लागला हा दात घासायला!" खिडकीतून शाळेचं मैदान. काका बघतात म्हणे, मधल्या सुट्टीत कोण पडतं ते.

*

आता फोनखोली ज्या इमारतीत होती तिच्याबद्दल. ही कंपनी पूर्वी एकच होती. तारा तिच्या, गॅसच्या नळ्या तिच्या, विकणारीही तीच. मग कायदा आला. ज्याच्या हातात तारा आहेत त्यानेच वीज विकली तर दुसऱ्या विक्रेत्याला तो उभा कसा राहू देईल? म्हणून कंपनीचे दोन तुकडे केले. तारा आणि नळ्या सांभाळणारी एक, विकणारी दुसरी. तारावाल्यांनी सगळ्या विक्रेत्यांना सारखं वागवायचं. आपल्या जुन्या भावंडाच्या कानात एक शब्द जास्त सांगायचा नाही. इमारत तीच राहिली. फक्त मधल्या मार्गिकेत एक काचेचं दार बसलं, आणि अलीकडचं कार्ड पलीकडे चालेनासं झालं.

तिचा नवरा काचेपलीकडे. नियंत्रण कक्षात, भिंतभर पसरलेल्या दिव्यांच्या नकाशासमोर. दोघांचं जमलं ते कंपनी एक असताना, कँटीनमधे. लग्न झालं आणि वर्षाच्या आत कायद्याने दार घातलं. ऑफिसात ती थट्टा शिळी होत नसे. "काय वहिनी, नवरा काचेतूनच बघायचा का?" ती म्हणायची, "काचेतूनच बरा दिसतो. घोरणं ऐकू येत नाही."

कायदा वाईट नव्हता. तो तिला पाठ होता आणि पटलेलाही होता. कॉलेजात तिने यावर उत्तर लिहिलं होतं, स्पर्धा, निवड, ग्राहकराजा वगैरे. नवऱ्याच्या कक्षातल्या एकाने आपल्या मेहुण्याला सहज सांगितलं होतं की अमुक वीजकेंद्र दुरुस्तीला बंद होणार आहे. मेहुणा विजेचा व्यापारी. त्याने आधीच खरेदी करून हात धुऊन घेतले. त्या माणसाची नोकरी गेली, वर खटला. तेव्हापासून नवरा घरी कामाबद्दल अवाक्षर काढत नसे. आला, बूट काढले, लेकीला उचललं. "कसा होता दिवस?" "दिव्यांचा." बस्स.

सासूबाईंना हे काही केल्या पटत नसे. "एका छपराखाली राहता, एका भांड्यातलं जेवता, आणि साधं आज काय झालं ते सांगायची चोरी? आमच्या वेळी नवरे सांगायचे नाहीत ते घुमेपणाने. आता कायद्याने!"

*

मावशींचा एक फोन नेहमीसारखा नव्हता. त्या दबक्या आवाजात बोलत होत्या.

"अगं, दाराशी एक पोरगा आलाय. दुसऱ्या कंपनीचा. गळ्यात बिल्ला, हातात ते पाटीसारखं. म्हणतो, आमच्याकडे या, वीज-गॅस दोन्ही. ह्यांनी सही करायची फक्त. करू?"

तिच्या जिभेवर बरंच काही आलं. पण अशा वेळी काय बोलायचं हेही ठरलेलं होतं. दुसऱ्या विक्रेत्याबद्दल वाईट बोलायचं नाही, ग्राहकाला अडवायचं नाही. फोन रेकॉर्ड होत होता.

"निवड तुमची आहे, मावशी. पण मशीनचं त्यांना सांगा हं."

"सांगितलं की! तो म्हणतो, तार तीच, मीटर तोच, सगळं आपोआप येतं. काही तुटत नाही."

यात खोटं काही नव्हतं. तार तीच राहते, मीटर तोच राहतो. तिलाही तसंच वाटलं. त्या खोलीत सगळ्यांनाच तसं वाटायचं, की खूण मीटरवर असते. मीटर जिथे जाईल तिथे जाते. दुसऱ्या आठवड्यात मावशींचं खातं स्क्रीनवर करडं झालं. ग्राहक गेला. तिला थोडं सुनं सुनं वाटलं, एवढंच.

खूण मीटरवर नसते हे कळलं प्रशिक्षणाच्या दिवशी. वीज नियामक आयोगाचे नवे नियम समजावायला कायदा विभागातले साहेब आले होते. साधा माणूस, एकेक शब्द तोलून बोलणारा. ते म्हणाले, "ग्राहक गेला की त्याच्या आजाराची नोंद आपण पुसून टाकायची. आजारपण ही खासगी बाब. आपल्याजवळ ठेवायचा हक्क नाही, दुसऱ्या कंपनीला द्यायचाही नाही. नव्या विक्रेत्याने डॉक्टरांचा दाखला मागवून नवी खूण करायची."

"आणि त्यांनी मागवलाच नाही तर?" तिने विचारलं.

"ग्राहकाने सांगायचं."

"ग्राहकाला माहीत नसेल तर?"

"मग आपण…" साहेब थांबले. "आपण काही नाही. गेलेल्या ग्राहकाला फोन करायला आपल्याला मनाई आहे. परत ओढायचा प्रयत्न समजला जातो."

खोलीत कुणीतरी पुढचं पान उलटलं. तीन कायदे होते, तिन्ही भल्यासाठी केलेले, आणि तिघांच्या मधे एवढीशी फट. त्या फटीत एक म्हातारा नळी लावून झोपला होता.

ती तडक सुपरवायझरताईंकडे गेली. ताईंनी चष्मा काढून कपाळावर ठेवला. सगळं ऐकून घेतलं आणि टोचून एक शब्द बोलल्या नाहीत. "थांब, वर विचारते." वरून उत्तर यायला वेळ लागला. आलं ते असं: आयोगाकडे तक्रार करता येईल, पण ती खुद्द ग्राहकाने करायला हवी.

"म्हणजे," ती म्हणाली, "ज्याला धोका आहे हे माहीतच नाही, त्याने धोक्याची तक्रार करायची?"

ताई म्हणाल्या, "ओरड माझ्यावर. दुसरं कोण आहे?"

*

त्यातच गॅस कमी पडला. दूरवर कुठेतरी एक मोठी वाहिनी बंद पडली होती आणि नळ्यांमधला दाब उतरत होता. कायद्याने पाळी ठरलेली असते: घरातल्या शेगड्यांना आणि दवाखान्यांना गॅस आधी, वीजकेंद्रांना नंतर. हेही बरोबरच, पोरांचं दूध कुणी तापवायचं? पण केंद्रं गॅसवर चालणारी. गॅस तुटला तशी वीज तुटली, आणि भारनियमन जाहीर झालं. आळीपाळीने, भागाभागाने. वर्तमानपत्रात वेळापत्रक आलं.

ते वेळापत्रक तिच्या नवऱ्याच्या खोलीत तयार झालं होतं.

संध्याकाळी तो लेकीला मांडीवर घेऊन भरवत होता. ती समोर उभी राहिली. "तुला एक विचारू?"

"ऑफिसचं नको."

"त्या मावशींचं. मशीनवाल्या. तुमच्याकडे सांभाळायच्या घरांची यादी असते. प्रत्येक विक्रेता पाठवतो ना? नव्या कंपनीच्या यादीत ते आहेत का, एवढंच बघ."

त्याने चमचा वाटीत ठेवला. "तुला माहितीये मी ते करू शकत नाही."

"एक माणूस गुदमरेल."

"आणि मी एका विक्रेत्याच्या ग्राहकांची यादी दुसऱ्या विक्रेत्याच्या नोकर बाईला सांगू? माझी बायको म्हणून?" तो हळू बोलत होता, तो चिडला की हळूच बोलायचा. "त्या पलीकडच्या टेबलावरचा काय म्हणाला होता? मेहुण्याला सहज सांगितलं."

सासूबाई आतून म्हणाल्या, "अरे, तो लुच्चेपणा होता, हे पुण्य आहे. कळत नाही का फरक?"

"आई, कायद्याला दोन्ही सारखंच दिसतं."

"मग त्याला चष्मा लावा!"

लेकीने वाटी पालथी केली आणि फरशी पुसता पुसता ते बोलणं तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला आणि बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"मी यादी उघडली."

तिने गॅस बंद केला.

"सगळ्या विक्रेत्यांची. नुसते मीटर नंबर आहेत गं. नाव नाही, पत्ता नाही, आजार नाही. त्यातला तुझ्या मावशींचा कुठला, किंवा त्यांचा आहे की नाही, मला कसं कळणार? तू मला मीटर नंबर दे. देतेस?"

तिच्याकडे नव्हता. मीटर नंबर फोनखोलीत कधी दिसतच नसे, आणि खातं करडं झालं तेव्हा ग्राहक क्रमांकही गेला होता. तिच्याकडे होती एक सवत, एक गुडघेदुखी, किल्लीवाला आणि शाळेचं मैदान. त्याच्याकडे हजारो नंबर. दोघांचं जमवून एक दार उघडत नव्हतं.

तो खुर्चीत बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने नियम मोडला होता आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "उद्या कुणी विचारलं तर खरं सांगेन." आणि मग बराच वेळ बूट काढत बसला.

तिने नव्या कंपनीला फोन केला, ग्राहक बनून नव्हे, जशी आहे तशी. पलीकडे एक मुलगी होती. आवाजावरून कोवळी, नव्याने लागलेली.

"ग्राहक क्रमांक सांगता का?"

"नाहीये. पण तुमच्याकडे एक नवे ग्राहक आलेत, काका, ऑक्सिजनवर…"

"आपण त्यांच्या कोण?"

कोण? रोज हजारदा विचारलेला प्रश्न. आता तोच तिच्या अंगावर आला होता. "मी आधीच्या कंपनीत आहे," ती म्हणाली, आणि म्हणताच कळलं की चुकलं.

पलीकडचा आवाज सावध झाला. "माफ करा, आम्ही आमच्या ग्राहकांबद्दल कुणाशी बोलू शकत नाही. आणि आपण दुसऱ्या विक्रेत्याकडून बोलत असाल तर…"

"ऐक, बाळा, नको बोलूस. नुसतं एवढं कर, तुमच्याकडे जे नवीन आलेत त्या सगळ्यांना विचारा, घरात मशीन आहे का. एवढंच."

मागे इतर मुलींचे आवाज, अगदी आपल्या खोलीसारखे. मग ती मुलगी घाईघाईने, जवळजवळ कुजबुजत म्हणाली, "मॅडम, मला जे समोर दिसतं तेवढंच वाचता येतं. खरंच." आणि लगेच नेहमीच्या स्वरात, "आणखी काही मदत करू शकते का?"

*

रविवारी दुपारी ती लेकीला पोटाशी बांधून घराबाहेर पडली. शाळेचं मैदान दिसेल अशा गल्ल्या शहरात किती असतील? शाळाच कमी आहेत का? पण जिथे किल्लीवाला आहे आणि वर तीन मजले आहेत, अशा जागा शोधून शोधून ती दोन-तीनवर आली होती.

पहिल्या ठिकाणी किल्लीवाला कानाला पेन लावून बसला होता. "वर म्हातारा-म्हातारी? ताई, वर सगळे भाडेकरू. आज एक, उद्या एक. माझ्याकडे कुलूप बदलायला येतात तेव्हा कळतं." ती तरीही वर गेली. तिसऱ्या मजल्यावर एका बाईने साखळी न काढता दार उघडलं, बाळाकडे बघून साखळी काढली, आणि सांगितलं की इथे कुणी आजारी नाही. शेजारी? शेजाऱ्यांचं काय माहीत. सकाळी जातो, संध्याकाळी येतो.

दुसऱ्या गल्लीत किल्लीवाल्याचं दुकान रविवारचं बंद होतं. वरच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. समोर जाळीमागे मैदान. ती चढायला लागली. लेक झोपली होती, तिचा गरम श्वास गळ्याशी लागत होता. तिसऱ्या मजल्यावर चार दारं. पहिलं ठोठावलं, कुणी नाही. दुसऱ्यातून टीव्हीचा आवाज, एका मुलाने "कोण?" विचारलं आणि "आई आंघोळीला गेलीये" म्हणून सांगितलं. तिसऱ्या दाराला ती कान लावणार, तेवढ्यात वीज गेली.

या भागाची पाळी होती, वेळापत्रकात होतं. टीव्ही गप्प झाला. पंखे थांबले, फ्रिज थांबले, जिन्यातला दिवा गेला. रोज कानाआड राहणारी ती सगळी घरघर एकदम थांबली, आणि कळलं की इतका वेळ ती होती. अशा शांततेत एखादं मशीन बॅटरीवर चालू असतं तर ऐकू आलं असतं. तिने तिसऱ्या दाराला कान लावला. चौथ्याला लावला. काही नाही. मशीन तिथे कधी नव्हतंच, की आत्ता, या क्षणी बंद पडलं होतं? दारं लाकडाची, बंद, सारखी. तिने दोन्ही ठोठावली. पुन्हा ठोठावली. "मावशी?" ती म्हणाली, आणि मग मोठ्याने, "मावशी, मी आहे, फोनवरची!" लेक दचकून उठली आणि रडायला लागली, आणि त्या रडण्यात आतून काही आवाज आला असला तरी ऐकू येणं शक्य नव्हतं. ती लेकीला थोपटत, शू शू करत, दारावर हात मारत राहिली. खालून कुणीतरी ओरडलं, "अहो, वीज गेलीये, येईल! कशाला आरडाओरडा?"

वीज आली तेव्हा ती जिन्यात बसली होती. टीव्ही पुन्हा सुरू झाला. दारं उघडली नाहीत. तिसरी गल्ली बाकी होती, पण तिथली पाळीही तोवर होऊन गेली होती.

ती अजून त्या फोनखोलीत बसते. मावशींचा फोन येणार नाही, त्या आता दुसरीकडे फोन करत असतील, किंवा करत नसतील. नवऱ्याला अजून कुणी विचारलेलं नाही. आयोगाने नियम बदलायचं मनावर घेतलंय असं साहेब म्हणतात; सूचना मागवतील, हरकती मागवतील, वेळ लागेल.

तोवर तिला तुम्हाला एक विचारायचं आहे, कारण तुमच्याकडे ते आहे जे तिच्याकडे नाही, तिच्या नवऱ्याकडे नाही, कुठल्याच कंपनीकडे नाही: तुमचा जिना. तुमच्या मजल्यावर किंवा वर-खाली, बंद दारामागे दिवसरात्र काहीतरी घरघरतं का? मधे मधे फुस्स करून श्वास सोडतं का? असेल तर आजच जा. आत म्हातारे काका आहेत का बघा, आणि मावशींना सांगा की खूण मीटरवर नसते, नव्या कंपनीला फोन करून ती मागून घ्या. आणि पुढच्या वेळी वीज गेली की मेणबत्ती शोधण्याआधी ते दार ठोठावा. जाल ना?